यादीतून काढलेला पत्ता

रेडिओवरच्या जुन्या दोस्ताने, दाढीवाल्याने, सहज चेष्टा केली, तिथून सगळं सुरू झालं.

"तुझी लेक कादंबरी लिहितेय की काय रे?" सकाळी साडेसातला रेडिओवर त्याचा आवाज आला. "काल दुपारी सव्वाआठ मिनिटं फ्रिक्वेन्सी अडवून बसली होती. मी आपला रांगेत ताटकळतोय. बापाला एवढं काय सांगायचं असतं?"

"लाडाची आहे," मेकॅनिक म्हणाला. ऐकून त्याला बरं वाटलं होतं.

दाढीवाल्याने निरोप घेतल्यावर चहाचा कप घेऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि लेकीचं कालचं पत्र त्याने पुन्हा उघडलं. "सर्व ठीक. वारा पश्चिमेचा, जोराचा. बॅटरी ऐंशी टक्के. कड्यावरची मोजणी झाली. तुमचा सिग्नल उत्तम." पाच वाक्यं. एवढं पाठवायला फार तर अर्धं मिनिट लागतं. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला न जुळणारा आकडा चैन पडू देत नाही. उरलेली पावणेआठ मिनिटं गेली कुठे?

मुलगी पाच महिन्यांपासून एका बेटावर होती. काम समुद्रपक्ष्यांची घरटी मोजण्याचं, सोबतीला एक वरिष्ठ सहकारी, राहायला पत्र्याच्या दोन खोल्या आणि दर सहा आठवड्यांनी रसद घेऊन येणारी बोट. फोनचं नेटवर्क नाही. कार्यालयाने सॅटेलाइट फोन दिला होता, तो फक्त अपघातासाठी. घरच्यांसाठी होता हौशी रेडिओ. तिच्या लॅपटॉपला जोडलेला छोटा सेट आकाशातून बापाच्या सेटला गाठायचा, आणि बापाचा कॉम्प्युटर तिची पत्रं साध्या ई-मेलसारखी इंटरनेटवर सोडायचा. उलट आलेली पत्रं त्याच्याकडे थांबून राहायची. ती रोज दोनदा, सकाळी सातला आणि दुपारी साडेचारला, जोडणी करायची तेव्हा ती उचलायची. बाकी वेळ तिच्याकडे वीज नसे.

हे सगळं त्यानेच उभं केलं होतं. इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशिनरूमच्या डोक्यावर त्याची अँटेना होती. मशिनरूमची किल्ली त्याच्याकडेच असल्यामुळे सोसायटीत कुणी हरकत घेतली नाही. मुलीला रेडिओ-परवान्याच्या परीक्षेला बसवलं त्यानेच. आणि पहिला धडाही त्यानेच दिला होता: हवा सगळ्यांची आहे, काम सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

दुसरा धडा त्याने तिला निघायच्या आदल्या दिवशी दिला. या रेडिओवर काहीच लपत नाही, कुलूप लावायला नियमाने मनाई आहे. ज्याच्याकडे सेट आणि अक्कल आहे तो कुणाचंही पत्र वाचू शकतो. "दाढीवाल्यासारखे वेळ बघतात, मजकूर कुणी उघडत नाही," तो म्हणाला होता. "आणि माझ्या स्टेशनवरून जाणारं तर मी कधीच नाही. कुणालाही लिही. शब्द देतो."

आता त्याने नोंदवही उघडली. वही म्हणजे कॉम्प्युटरमधली यादीच: वेळ, पाठवणारा, घेणारा, आकार. कालच्या तारखेला दोन ओळी होत्या. पहिली त्याच्या नावाने, दोनशे साठ अक्षरांची. दुसरी बेकरीच्या पत्त्यावर, चार हजार एकशे दहा.

त्याने मागची पानं चाळली. महिनाभर हेच चाललं होतं. त्याला तीनशे, बेकरीला तीन हजार. त्याला दोनशे, बेकरीला साडेचार हजार.

बेकरीवाला म्हणजे मुलीच्या आईचा दुसरा नवरा. घटस्फोटाला आठ वर्षं झाली होती, त्यांच्या लग्नाला सहा. बायको गेली याचं दुःख मेकॅनिकने केव्हाच पचवलं होतं. शेवटच्या वर्षात दोघं एकमेकांना घरातल्या खुर्चीइतकेच दिसत होते. पण मुलगी आपली आहे याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. चार वर्षांची असताना ती त्याच्याबरोबर कामावर यायची आणि ऑफिसांच्या गुळगुळीत फरशीवर गरगर फिरत राहायची, म्हणून तिचं नाव त्याने भिंगरी ठेवलं होतं. चौदाव्या वर्षी ती त्याच्यासोबत लिफ्टच्या टपावर उभी राहून अकरा मजले वर गेली होती. हे तो भेटेल त्याला सांगे. माझी पोर कशालाच भीत नाही, हेही सांगे. आणि ती आता बेटावरून पानंच्या पानं लिहीत होती, ती एका पाव भाजणाऱ्याला.

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. मग त्याने चार हजार एकशे दहा अक्षरांचं पत्र उघडलं.

"काका, तू म्हणालास तसं पीठ रात्रभर अंथरुणात घेऊन झोपले. सकाळी बघते तर फुगलंय! आमच्या साहेबांना वाटलं मी उशी मळतेय. पाव खालून करपला आणि मधे कच्चा राहिला, पण आम्ही दोघांनी उभ्या उभ्या संपवला. साहेब पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले. तू असतास तर म्हणाला असतास…"

पुढे असंच. साहेबांचं घोरणं, एका पक्ष्याने पळवलेला मोजा, आईला सर्दी झाली का, बेकरीतली मांजर व्याली का. शेवटी लिहिलं होतं, "तुझी भिंगरी."

त्याने ते दोनदा वाचलं. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं, तीच तर अडचण होती. काही भलतंसलतं असतं तर निदान रागावता आलं असतं. आपल्याला 'तुम्ही' आणि त्याला 'तू'. आपण ठेवलेलं नाव त्याच्या पत्राखाली. आपल्या पत्राखाली नुसती कॉल साइन, रेडिओ-परवान्यावरची अक्षरं आणि आकडे.

त्याने पत्र बंद केलं.

वाचलं ते वाचलं, आता पुन्हा नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि ते पाळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वेगळंच काही केलं. इंटरनेटवरच्या जाहिराती आणि फसवी पत्रं रेडिओवर घुसून वेळ खाऊ नयेत म्हणून स्टेशनवर मान्य पत्त्यांची एक यादी असते. यादीत ज्याचा पत्ता आहे त्याचंच पत्र आत येतं. बाकीची आपोआप परत जातात, सोबत एक ओळ घेऊन: हा पत्ता या स्टेशनला मान्य नाही. मुलीसाठीच्या यादीत नऊ पत्ते होते. सातवा बेकरीचा. त्याने तो निवडला आणि काढून टाकला. दोन सेकंदांचं काम. मग तो टूलबॉक्स उचलून एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बघायला गेला, आणि दिवसभर त्याने शिट्टी वाजवली.

तिची पत्रं जातच होती. अडली होती फक्त उत्तरं. बेकरीवाल्याला वाटलं असेल काहीही, मुलीला वाटेल की काका विसरला, आणि तिचं मन आपोआप इकडे वळेल. असा काही हिशोब त्याने शब्दांत मांडला नव्हता. पण रोज संध्याकाळी तो नोंदवहीतले आकडे बघत होता, एखादा माणूस समोरच्या दुकानात किती गिऱ्हाइकं शिरली ते बघतो तसा. चौथ्या दिवशी बेकरीला दोन हजार सहाशे. सहाव्या दिवशी नऊशे. आठव्या दिवशी तीनशे चाळीस. नवव्या दिवशी काहीच नाही.

जिंकत होता तो. मग आनंद का टिकत नव्हता, हे त्याला कळत नव्हतं.

सातव्या दिवशी तिने त्याला जास्तीची एक ओळ लिहिली होती: "बाबा, बाहेरची पत्रं स्टेशनवर नीट येतात ना?"

त्याने उत्तर दिलं, "स्टेशन व्यवस्थित चालू आहे." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पाठवून झाल्यावर तो बराच वेळ हात धूत राहिला, ग्रीस लागलेलं नसताना.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी पावणेचारला दाराची बेल वाजली. दारात बेकरीवाला उभा होता. आडव्या हाडाचा माणूस, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, भिवईत पांढरं पीठ. सहा वर्षांत तो या घरी पहिल्यांदाच येत होता.

"नमस्कार," तो धापा टाकत म्हणाला. "सात मजले. लिफ्टवाल्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद! कुणाला सांगितलं तर हसतील."

"मंगळवारी देखभालीला बंद ठेवतो. मीच."

"मग माझं नशीबच असं. येऊ का आत? हिने बजावलंय, फोन करू नका, फोनवर तुमचं भांडण होईल. म्हटलं, मग समक्षच जातो, दमलेला माणूस भांडत नाही."

मेकॅनिकने त्याला पाणी दिलं. बेकरीवाला खुर्चीत टेकला, भांडं एका घोटात रिकामं केलं आणि खिशातून फोन काढला.

"माझंच काहीतरी चुकतंय. पोरीला पत्र पाठवतो, ते परत येतं. चार वेळा पाठवलं. आधी व्यवस्थित जात होतं हो. कुठेतरी टिंब हुकतंय माझं, मला या यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून आज झोप सोडून आलो." त्याने फोन पुढे केला. पडद्यावर तीच ओळ होती: हा पत्ता या स्टेशनला मान्य नाही. "आता हे मान्य कोण करतं? अर्ज बिर्ज करायचा असतो का?"

मेकॅनिकने फोन हातात घेतला, उगाच जरा न्याहाळला. "बघतो," तो म्हणाला. "तांत्रिक असेल काहीतरी."

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि बेकरीचा पत्ता त्याने यादीत पुन्हा घातला. "आता पाठवा."

बेकरीवाल्याने जाड अंगठ्याने बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पत्र स्टेशनच्या रांगेत येऊन उभं राहिलं. तीन हजार दोनशे अक्षरं.

"आलं?"

"आलं. साडेचारला ती जोडणी करेल, तेव्हा जाईल."

"वा! देवमाणूस आहात." बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. "मी हिला म्हणत होतो, ते बाप आहेत, ते कशाला अडवतील? ही म्हणे, तू त्याला ओळखत नाहीस. आता घरी जाऊन हिलाच ऐकवतो. उपकार झाले तुमचे. खरंच उपकार झाले."

शिव्या दिल्या असत्या तर मेकॅनिकने त्या परत दिल्या असत्या. हे 'उपकार' मात्र त्याला घेता येईनात.

"तुमचं टिंब हुकलं नव्हतं," तो म्हणाला. "मी तुमचा पत्ता काढून टाकला होता."

"म्हणजे?"

"यादीतून. अकरा दिवसांपूर्वी."

"चुकून?"

"नाही."

बेकरीवाल्याने फोन सावकाश खिशात ठेवला.

"का?"

"ती तुम्हाला पानंच्या पानं लिहिते. मला तीन ओळी."

"एवढ्यासाठी?"

मेकॅनिकने रिकामं भांडं उचलून टेबलावर ठेवलं.

"अहो, सात दिवसांपूर्वी तिने मला एक गोष्ट विचारलीय!" बेकरीवाला उठून उभा राहिला, त्याच्या आवाजाने कपाटावरचा मीटर थरथरला. "सात दिवस! तिसऱ्या दिवशी लिहिलं, काका, उत्तर का देत नाहीस? चौथ्या दिवशी लिहिलं, रागावलास का? शेवटच्या पत्रात तीन ओळी, की कळलं मला, पुन्हा नाही विचारणार. मी इथे भट्टीपुढे रडतोय, कामगार विचारतात, शेठ, धूर लागला का? आणि तुम्ही इथे बसून अक्षरं मोजताय?"

"काय विचारलंय तिने?"

"ते मी तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय."

हे जास्त लागलं. पण पुढचा प्रश्न विचारायचा हक्क आपण गमावलाय, हे मेकॅनिकला समजत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती.

"घाई आहे का?" त्याने एवढंच विचारलं.

"बोट आज बेटावर आलीय. उद्या सकाळी सहाला सुटते. पुढची सहा आठवड्यांनी."

सकाळची जोडणी सातला. म्हणजे आजची साडेचारची शेवटची.

पुढचा अर्धा तास दोघं एका खोलीत बसून राहिले. बेकरीवाला खुर्चीत पाठमोरा. मेकॅनिकने गच्चीवर जाऊन अँटेनाची जोडणी तपासली, खाली येऊन सेट जुळवला, पुन्हा जुळवला. चार तीसला स्पीकरमधून ओळखीची कुजबुज सुरू झाली. दोन यंत्रं एकमेकांना चाचपत होती. सिग्नल खोल कुठूनतरी येत होता, विहिरीतून आल्यासारखा. बेकरीवाल्याचं पत्र निघालं. दहा टक्के, वीस, पस्तीस. चाळीसवर पडद्यावरची पट्टी थांबली आणि जोडणी तुटली.

"काय झालं?"

"आकाश खराब आहे. पुन्हा प्रयत्न करेल ती."

चार एक्केचाळीसला ती पुन्हा आली. या खेपेला पट्टी बावन्नवर मेली. तिची वीज पाचला बंद होत असे.

"लहान करावं लागेल," मेकॅनिक म्हणाला. "एवढं मोठं या सिग्नलवर जाणार नाही. चार ओळी जातील. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"मला नाही जमत लहान करायला. मी बोलायला लागलो की बोलतच जातो." बेकरीवाल्याने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि हात झटकला. "उघडा. वाचा. तुम्हीच करा. नाहीतरी आता काय लपवायचं राहिलंय?"

मेकॅनिकने पत्र उघडलं.

"भिंगरे, भट्टीत पहिल्यांदा भाजलो तेव्हा महिनाभर मी भट्टीसमोर उभा राहिलो नाही, धाकट्या भावाला उभं केलं. पाव झालेच. कुणी मेलं नाही. तुझा पाय घसरला, त्या दिवसापासून कड्याच्या टोकाशी गेलीस की पाय गार पडतात, खाली बघवत नाही, पोटावर सरपटत जाऊन मोजावं लागतं, यात लाज कसली गं? पक्षी मोजायला दुसरं कुणी येईल. तू विचारतेस येऊ का. अगं, विचारतेस काय? मागची खोली आवरली आहे. आईने नवी चादर घातलीय आणि मांजरीला बाहेर काढलंय, मांजर चिडलीय…"

आणखी खाली एक परिच्छेद होता.

"बाबांना मी काही बोललेलो नाही आणि बोलणार नाही. ते जगाला सांगत फिरतात की माझी पोर कशालाच भीत नाही, त्यांच्यासमोर तुला हे जड जातं, मला कळतं. तुझ्या वेळेने सांग, नाहीतर सांगू नकोस. आधी आमच्याकडे ये."

रोज "कड्यावरची मोजणी झाली" असं ती त्याला लिहीत होती. पोटावर सरपटत झाली, हे त्यात नव्हतं.

चार शेहेचाळीस झाले होते. मेकॅनिकने कोरा मजकूर उघडला आणि टाइप केलं: "उद्याच्या बोटीने निघ. खोली तयार आहे."

बेकरीवाल्याने खांद्यावरून वाकून वाचलं. "असं? हे वाचून तिला वाटेल घरात कुणीतरी गेलं."

"मग काय घालू?"

"घाला… काका रागावलेला नाही. पत्रं अडली होती. भीती वाटते तर वाटू दे, भट्टीची मलाही वाटली होती. आणि चादरीचं घाला."

"चादर नको. लांब होतं."

"बरं, चादर राहू दे."

मेकॅनिकची बोटं चालत होती. पाच वाक्यं झाली. मग तो थांबला आणि त्याने सहावं टाइप केलं: "बाबांना काही सांगितलेलं नाही, सांगणार नाही."

बेकरीवाला घसा खाकरून म्हणाला, "ते आता काढा हो. आता ते खरं नाही. आणि तुम्हीच टाइप करताय, बरं दिसत नाही."

"तुमच्या पत्रात आहे."

"माझ्या पत्रात मांजरही आहे."

"मांजरीसाठी ती अडून बसणार नाही," मेकॅनिक म्हणाला. "यासाठी बसेल. मला कळलं असं वाटलं तर ती बोटीत पाय ठेवणार नाही. सहा आठवडे आणखी सरपटेल. मी ओळखतो तिला." शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज जरा चढला, जणू बेकरीवाल्याने त्यावर हरकत घेतली होती.

खाली त्याने लिहिलं, "काका," आणि पत्र रांगेत ठेवलं.

चार बावन्नला ती आली. पट्टी पुढे सरकली, अडखळली, सरकली, आणि शंभरवर जाऊन थांबली. चार अठ्ठावन्नला ती पुन्हा आली, आणि उलट दिशेने दोन छोटी पत्रं आली. एक क्षणभरात पुढे इंटरनेटवर गेलं आणि बेकरीवाल्याच्या खिशात फोन वाजला. दुसरं मेकॅनिकसाठी होतं. त्याने ते उघडलं.

"सर्व ठीक. वारा पश्चिमेचा. बॅटरी पंचाहत्तर टक्के. कड्यावरची मोजणी झाली. सिग्नल आज कमजोर."

"काय लिहिलंय तुम्हाला?" त्याने न वळता विचारलं.

"येते," बेकरीवाला म्हणाला. "एवढंच. येते." त्याने बाहीने डोळे पुसले, भिवईतलं पीठ गालावर आलं. दारापर्यंत जाऊन तो थांबला. "एक सांगून ठेवतो. मी स्वतःहून तिच्याकडे चहाडी करणार नाही. पण पत्रं का अडली असं तिने विचारलं, तर मी खोटंही बोलणार नाही. म्हणेन, बाबांना विचार."

"ती विचारणार," मेकॅनिक म्हणाला.

"मग तयारी ठेवा."

त्याने जिना उतरायला घेतला. मेकॅनिकने त्याच्यासाठी लिफ्ट सुरू केली नाही. ती सुरू करायला दोन मिनिटं पुरली असती, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पावलं तिसऱ्या मजल्याच्या खाली गेली होती.

शुक्रवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"बाबा, मी आलेय. आईकडे आहे."

"बरं केलंस," तो म्हणाला. वाक्य त्याने दोन दिवस घासून तयार ठेवलं होतं. "प्रवास नीट झाला?"

"झाला. बाबा, काकाची पत्रं का अडली होती? मी त्याला विचारलं, तर तो म्हणतो बाबांना विचार. आणि पोळ्या लाटणाऱ्या माणसासारखा खाली बघतो."

तयार ठेवलेली दुसरी वाक्यं होती; आकाश, यंत्र, यादीतला बिघाड. ती सगळी वापरण्याजोगी होती. मुलगी रेडिओवाली असूनही कदाचित खपली असती.

"मी अडवली," तो म्हणाला. "पत्ता यादीतून काढला."

फोन त्याने दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुझं एक पत्र वाचलं. शब्द मोडून."

"कोणतं?"

"पीठ घेऊन झोपलीस ते."

"का?"

"जळत होतो," तो म्हणाला. "त्याच्यावर."

"मी तिथे अकरा दिवस…" तिचा आवाज फाटला. "मला वाटलं तो कंटाळला मला. मला वाटलं मी एवढी रड लावली की तोसुद्धा कंटाळला. तुम्हाला मी विचारलंही होतं, पत्रं येतात ना? तुम्ही काय लिहिलंत? स्टेशन व्यवस्थित! बाबा, मला तुमचा इतका राग आलाय की फोनवर मावणार नाही. मी रविवारी येते. समोर बसून बोलायचंय मला."

"किती वाजता?"

"येईन तेव्हा येईन!"

रविवारी तो सकाळी सहापासून आवरत होता. सोल्डरिंगचा पसारा उचलला, खिडक्या पुसल्या, लिफ्ट वर-खाली करून तिला तेल दिलं. बारा वाजता पांढरी गाडी इमारतीसमोर येऊन थांबली. बेकरीचं नाव तिच्या अंगावर लांबूनही वाचता येत होतं. पुढचं दार उघडलं आणि मुलगी उतरली. बारीक झाली होती, केस आखूड. ड्रायव्हरच्या जागेवरचा माणूस उतरला नाही.

ती आत आली, चपला काढल्या, खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. डोळे रात्रीच रडून झाल्यासारखे होते, पण हनुवटी वर होती.

"सुरुवात कुठून करू?" ती म्हणाली.

"आधी पाणी घे."

"पाणी नको. मला बोलू द्या. मी गाडीत सगळं ठरवून आलेय." तिने श्वास घेतला. "पहिलं म्हणजे, मला भीती वाटते. उंचीची. लिफ्टच्या टपावरही वाटली होती. अकराच्या अकरा मजले. तुम्ही इतके खूश होता, म्हणून बोलले नाही. आता दुसरं…"

तो ऐकू लागला. खिडकीतून खालची गाडी दिसत होती, भर उन्हात उभी, सगळ्या काचा उतरवलेल्या, आणि आतला माणूस वर्तमानपत्राने वारा घेत होता.

"त्यांना वर बोलाव ना," मध्येच तो म्हणाला. "उन्हात बसलेत."

"नाही," ती म्हणाली. "आज काका नको. आज मला फक्त तुमच्याशी भांडायचंय."

त्याने एकदा खाली बघितलं. मग खुर्ची खिडकीपासून जरा आत सरकवली, आणि पुन्हा आग्रह केला नाही.